गोड पाणी किती, आणि मीठ कुठे?

मेम्ब्रेन-विज्ञानातली नवी बातमी बहुधा दोन प्रकारची असते. पाणी जास्त वेगाने सोडणारा पडदा तयार झाला, ही एक. तेवढेच पाणी कमी विजेत गोड करता आले, ही दुसरी. समुद्रकाठच्या शहरांना या दोन्ही बातम्या मोलाच्या आहेत, कारण खारे पाणी उपसायला आणि उरलेले मीठ परत सोडायला त्यांच्या दाराशी समुद्र आहे. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली या तालुक्यांना ही सोय नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात पाणी गोड करण्याचे कोणतेही यंत्र बसवले, तरी वेगळे केलेले मीठ जाते ते तिथल्याच नाल्यात, तिथल्याच काळ्या मातीत. म्हणून इथे मेम्ब्रेनची प्रगती एका लिटरला किती वीज लागली यावर मोजून पुरत नाही. एक लिटर गोड पाणी मिळवताना जमिनीतून किती मीठ वर आले आणि ते कुठे ठेवले, हे माप आधी लावायला हवे. हे माप लावले की जगभरच्या बातम्यांचा क्रम बदलतो. मथळ्यात येणारे काही शोध वऱ्हाडासाठी दुय्यम ठरतात, आणि फारशी चर्चा न झालेले एक संशोधन पुढे येते. त्या संशोधनातला एक भागीदार तर शेजारच्या जळगावचा आहे.

पूर्णा सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात बेसॉल्टचा तळ खचलेला आहे आणि त्या खोलगटात नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर साचले आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी हा गाळ भरड आहे, त्यातून पाणी वाहते आणि ते गोड असते. अचलपूर-चांदूर बाजारची संत्री आणि अकोटकडची केळी याच पाण्यावर वाढली. दक्षिणेकडे, नदीच्या दिशेने सरकावे तसा गाळ बारीक आणि चिकणमातीचा होतो, पाण्याची हालचाल मंदावते आणि बोअरचे पाणी मचूळ, मग खारे लागते. हे क्षार आले कुठून याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. जुन्या कोरड्या हवामानात कोंडून आटलेल्या पाण्याचा हा वारसा असावा, असे एक मत आहे. कारण कोणतेही असो, परिणाम उघड आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळी गावांच्या जोडीला पूर्णा खोऱ्यातली सुमारे ९३२ खारपाण गावे वेगळी धरावी लागली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. पट्ट्यातल्या कितीतरी बोअरना ही सवलतीची मर्यादाही पुरत नाही.

आता मेम्ब्रेनकडे. 'आरओ'चा पडदा म्हणजे फार बारीक चाळणी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सोडियमचा आयन आणि पाण्याचा रेणू यांच्या आकारात चाळणीने वेगळे करण्याइतका फरक नाही. आयन पाण्यात असताना आपल्याभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन बाळगतो आणि ते टाकून पॉलिमरमध्ये शिरणे त्याला ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते. पाण्याच्या एकट्या रेणूला तशी अडचण नसते. दाब दिला की पाणी पलीकडे जाते आणि क्षार मागे राहतात. हे प्रयोगशाळेबाहेर शक्य झाले ते १९५९-६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात. सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा तयार केला की त्याची मीठ अडवणारी त्वचा अगदी पातळ होती आणि तिच्याखाली सच्छिद्र आधार होता. या पद्धतीचा पहिला व्यावहारिक प्रकल्प १९६५मध्ये कोलिंगा या गावी सुरू झाला, आणि हे गाव समुद्रकाठी नव्हते. तिथे जमिनीतलेच मचूळ पाणी गोड केले जात होते. म्हणजे हे तंत्र जन्मापासून खारपाण गावांचेच आहे. समुद्राकडे ते नंतर गेले. पुढे सत्तरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा पातळ थर आधारावर जागच्या जागी घडवण्याची रीत शोधली. आज घरोघरीच्या फिल्टरात आणि ग्रामपंचायतीच्या वॉटर एटीएममध्ये बसते ती मेम्ब्रेन याच घराण्यातली. तिची काम करणारी त्वचा केसाच्या जाडीच्या कित्येकशे पटींनी पातळ असते.

इतक्या वर्षांच्या वापरानंतरही या त्वचेतून पाणी नेमके कसे जाते यावर एकमत नाही, हे मला या विषयातले सर्वांत रंजक प्रकरण वाटते. पाणी पॉलिमरात विरघळते आणि रेणू-रेणूने झिरपत जाते, असे पाठ्यपुस्तके दशकानुदशके सांगत आली. २०२३मध्ये येल विद्यापीठातल्या मेनाकेम एलिमेलेक यांच्या गटाने 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये दावा केला की पाणी अतिसूक्ष्म, सतत हलत्या पोकळ्यांतून दाबाच्या फरकाने वाहते. वाद मिटलेला नाही. त्याआधी, जानेवारी २०२१मध्ये, टेक्सास, पेनसिल्व्हेनिया आणि आयोवा इथल्या विद्यापीठांनी एका मोठ्या रसायन-कंपनीबरोबर केलेले संशोधन 'सायन्स'मध्ये आले होते. त्यांनी पडद्याच्या आतली घनता नॅनोमीटरच्या पातळीवर त्रिमितीत मोजली आणि दाखवले की पडदा किती पातळ यापेक्षा त्याची घनता किती एकसारखी यावर पाण्याचा वेग जास्त अवलंबून आहे. पडद्यातल्या दाट गाठी कमी केल्या तर कार्यक्षमता ३० ते ४० टक्क्यांनी वाढते, असे त्यांचे मोजमाप होते. विद्यापीठे आणि कारखाना यांनी एकत्र बसून केलेल्या कामाचा हा उत्तम नमुना आहे.

तरीही खारपाणपट्ट्याच्या दृष्टीने हा शोध दुय्यम आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि नुसता त्याचा परासरण दाब, म्हणजे क्षारांमुळे पाण्याला मागे ओढणारा दाब, उलटवायला २५ बारपेक्षा जास्त दाब लागतो. लिटरला दोन ग्रॅम क्षार असलेल्या बोअरच्या पाण्याला दीड बारच्या आसपास पुरतो. त्यामुळे गावातल्या आरओची अडचण वेगाची नसते. जास्त वेगवान पडदा मिळाला तर थोडी वीज वाचेल, पडद्याचे क्षेत्रफळ कमी लागेल, एवढेच. खरी अडचण आहे ती किती टक्के पाणी पलीकडे काढता येते याची. जसजसे गोड पाणी निघून जाते तसतसे मागे राहिलेले पाणी दाट होते, आणि कॅल्शियम कार्बोनेट, सिलिका असे घटक पडद्यावर खपलीसारखे बसू लागतात. ती खपली टाळायची तर निम्मे किंवा त्याहून जास्त पाणी 'रिजेक्ट' म्हणून सोडून द्यावे लागते. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९मध्ये आरओबाबत जो आदेश दिला त्यात किमान ६० टक्के पाणी हाती यावे, पुढे ते ७५ टक्क्यांपर्यंत न्यावे, असे म्हटले होते. लवादाचा मुद्दा मुख्यतः पाण्याच्या नासाडीचा होता. खारपाणपट्ट्यात त्याला मिठाचीही बाजू आहे.

ती बाजू कागदावर मांडून पाहता येते. दोन हजार वस्तीचे गाव धरू, माणशी पिण्या-रांधण्याला दहा लिटर, म्हणजे दिवसाला वीस हजार लिटर गोड पाणी. बोअरच्या पाण्यात लिटरला दोन ग्रॅम क्षार. निम्मे पाणी हाती येणाऱ्या आरओला चाळीस हजार लिटर उपसावे लागतील आणि त्याबरोबर ८० किलो क्षार वर येतील. गोड पाण्यात त्यातला किलोभरच जाईल. उरलेले ७९ किलो वीस हजार लिटर रिजेक्टमधून बाहेर पडतील. वर्षाला हे मीठ २९ टनांच्या घरात जाते. आता असे यंत्र धरू की ज्यात नव्वद टक्के पाणी हाती येते आणि गोड पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार राहू दिले जातात, जे मानकाच्या इष्ट मर्यादेत आहे आणि चवीलाही बरे. तेवढ्याच वीस हजार लिटरसाठी उपसा होतो सव्वाबावीस हजार लिटर, वर येतात ४४ किलो क्षार, त्यातले सहा किलो पिण्याच्या पाण्यात राहतात आणि बाहेर पडतात ३८ किलो. सोडलेल्या पाण्याचे प्रमाण वीस हजार लिटरवरून सव्वादोन हजारांवर येते. पाणी तेवढेच, माणसे तेवढीच, पण मीठ निम्म्याखाली आणि सांडपाणी नवव्या हिश्श्यावर. पडद्याचा वेग ४० टक्क्यांनी वाढवून हा फरक पडत नाही.

असे यंत्र कल्पनेतले नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीतले ॲमॉस विंटर आणि नताशा राइट यांनी जळगावच्या जैन इरिगेशनबरोबर भारतीय खेड्यांसाठी सौरऊर्जेवर चालणारी इलेक्ट्रोडायलिसिसची पद्धत विकसित करायला घेतली. एप्रिल २०१५मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे झालेल्या चाचणीत तिला अमेरिकी शासनाच्या मदत-संस्थेचा 'डिसॅल प्राइझ' मिळाला. पुढे तेलंगणात चेल्लुरू गावी तिची प्रत्यक्ष चाचणी झाली. आरओमध्ये पाणी पडद्यापलीकडे ढकलले जाते. इथे पाणी जागच्या नळीतून वाहत राहते आणि मीठ हलवले जाते. एकाआड एक दोन प्रकारचे पडदे लावलेले असतात, एक फक्त धन आयनांना वाट देणारा, दुसरा फक्त ऋण आयनांना. दोन्ही टोकांना एकदिश विद्युतप्रवाह दिला की सोडियम एका बाजूला, क्लोराइड दुसऱ्या बाजूला सरकतो, आणि एकाआड एक खाने गोड आणि दाट होत जातात. ठरावीक वेळाने विजेची दिशा उलटवली की बसू पाहणारी खपलीही सुटते. पाणी फार खारे नसते तेव्हा हलवायचे मीठ पाण्याच्या मानाने अगदी थोडे असते, म्हणून वीजही कमी लागते. लिटरला एक ग्रॅम क्षार असतील तर आरओपेक्षा ७५ टक्के कमी ऊर्जेत काम होऊ शकते आणि ९५ टक्क्यांपर्यंत पाणी हाती येऊ शकते, असा राइट आणि विंटर यांचा २०१४चा हिशोब होता. क्षार वाढत जातात तसा हा फायदा घटतो आणि समुद्राच्या पाण्याला ही पद्धत परवडत नाही. म्हणजे तिचा पल्ला नेमका खारपाणपट्ट्याच्या पाण्याइतका आहे.

ताजी बातमी ऑक्टोबर २०२४ची आहे. विंटर यांच्याच गटातल्या जोनाथन बेसेट आणि सहकाऱ्यांनी 'नेचर वॉटर'मध्ये बॅटरीविना चालणारे यंत्र मांडले. ढग आला, ऊन कमी झाले की यंत्र क्षणोक्षणी आपला प्रवाह त्याप्रमाणे कमी करते. ऊन वाढले की वाढवते. न्यू मेक्सिकोत सहा महिने ते खऱ्या भूजलावर चालले, सौरपट्ट्यांतून मिळालेल्या विजेपैकी सरासरी ९४ टक्के वीज त्याने वापरली आणि दिवसाला ५,००० लिटरपर्यंत पाणी दिले. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यात पाण्याची टंचाई आणि ऊन दोन्ही शिगेला असतात, हा मेळ इथे विशेष उपयोगाचा आहे. बॅटरी गेली की गावातले यंत्र बंद पडते आणि नवी आणायला ठराव होईपर्यंत उन्हाळा सरतो, हा अनुभव ज्या गावांना आहे त्यांना बॅटरी नसण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

याविरुद्ध जे आक्षेप आहेत त्यांतला पहिला या यंत्रातल्या उणिवेचाच आहे, आणि तो रास्त आहे. विजेचा भार नसलेली कोणतीही गोष्ट इलेक्ट्रोडायलिसिस काढत नाही. जंतू आणि विषाणू गोड पाण्यातच राहतात. आरओ त्यांना अडवतो. म्हणून इथे क्लोरीन किंवा अतिनील किरणांची जोड अपरिहार्य आहे, आणि ती बंद पडली तर गोड लागणारे पाणी खाऱ्यापेक्षा घातक ठरेल. यावर एक उपाय महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने जंतू आणि विषाणू अडवणाऱ्या अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेनवर दीर्घकाळ काम केले आहे. त्या मेम्ब्रेन मीठ काढू शकत नाहीत, इलेक्ट्रोडायलिसिस ते काढू शकते. दोन्ही एकामागोमाग बसवता येतात. आयन-विनिमय पडदे परदेशातूनच आणावे लागतील ही शंकाही पूर्ण खरी नाही, कारण भावनगरची केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्था ते आणि आरओचे पडदे, दोन्ही बनवत आली आहे.

दुसरा आक्षेप अधिक सफाईदार आहे: मीठ त्याच जमिनीतून आले, त्याच जमिनीत परत गेले, तर बिघडले काय? बिघडते ते खोली बदलल्यामुळे. शेकडो फूट खालचे मीठ पृष्ठभागावर आले की त्याची गाठ इथल्या काळ्या कपाशीच्या मातीशी पडते. या मातीतल्या चिकणकणांवर कॅल्शियमच्या जागी सोडियम बसला की कण एकमेकांना सोडतात, ओली माती चोपण होते, पाणी खाली मुरत नाही आणि वाळली की दगड होते. जिप्समचा सल्ला दिला जातो तो याच कारणाने, सोडियमला हटवून पुन्हा कॅल्शियम आणण्यासाठी. अर्थात प्रामाणिकपणे तुलना करायची तर शेतकऱ्याने तेच बोअरचे पाणी एका एकराला दोन इंच दिले तर एका ओलितात चारशे किलो मीठ रानात पडते. म्हणजे आरओच्या वर्षभराच्या रिजेक्टइतके मीठ ७० एकरांच्या एका ओलितातही जाते. फरक हा की ओलिताचे मीठ ७० एकरांवर पसरते; रिजेक्टचे मीठ रोज एकाच नाल्यात, पाण्याच्या टाकीमागच्या एकाच शेतात, बहुधा गावच्या हातपंपाजवळ मुरते.

याच आकड्यातून आणखी एका अपेक्षेचा निकाल लागतो. मेम्ब्रेनने खारपाणपट्टा ओलिताखाली येईल, असे अधूनमधून ऐकू येते. एका एकराला दोन इंच म्हणजे दोन लाख लिटर. वर धरलेल्या गावाचे दहा दिवसांचे पिण्याचे पाणी. कपाशीच्या किंवा तुरीच्या भावात हा खर्च बसणार नाही आणि रिजेक्ट कुठे ठेवायचे हा प्रश्न कित्येक पट होईल. शेतीचे उत्तर पावसाचे पाणी अडवण्यात, शेततळ्यात, जिप्सममध्ये आणि क्षार सोसणाऱ्या पिकांत आहे, आणि १९६९पासून अकोल्यात असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कामाचे ते क्षेत्र आहे. मेम्ब्रेनने पिण्याच्या पाण्यापुरतेच राहावे.

आणि पिण्याच्या पाण्यापुरतेही नळयोजना असताना मेम्ब्रेन कशाला? हा सर्वांत वजनदार आक्षेप. वान धरणाच्या पाण्यावर अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना आहे, काटेपूर्णेवर अकोला तालुक्यातली खांबोऱ्याची ६४ खेडी योजना आहे, शहानूरवर दर्यापूर-अंजनगाव भागाची. धरणाचे गोड पाणी नळाने येत असेल तर ते कोणत्याही यंत्रापेक्षा चांगले, कारण त्यात मीठ वर आणावेच लागत नाही. पण धरणातल्या पाण्यावर हक्क सांगणारे वाढत आहेत. बाळापूर तालुक्यातल्या ६९ खेड्यांना वानचे पाणी देण्याच्या योजनेला तेल्हाऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, योजनेला स्थगिती आली आणि एप्रिल २०२३मध्ये आमदार नितीन देशमुख खारे पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरकडे संघर्ष यात्रेने निघाले. दोन्ही बाजूंना आपापले बळ होते: एकीकडे ओलित, दुसरीकडे तहान. अशा ठिकाणी धरणाचे पाणी आणि गावचे बोअर यांचे मिश्रण हा मधला मार्ग राहतो. क्षारांचे प्रमाण लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत नेमके ठेवता येणाऱ्या यंत्राला मिश्रणाची अडचण नसते, आणि नळ आठ-दहा दिवसांआड येतो त्या काळात गाव कॅनच्या पाण्यावर जात नाही.

यंत्र उत्तम निघाले तरी ३८ किलो मीठ उरतेच, आणि ते आता लिटरला १७ ग्रॅम इतके दाट, म्हणजे समुद्राच्या निम्मे खारे असते. हे नाल्यात सोडणे आरओच्या पातळ रिजेक्टपेक्षा वाईट. त्याचा निकाल बाष्पीभवनाने लावावा लागेल. पाऊस वजा करून वर्षाला एक मीटर पाणी उडते असे धरले तर सव्वादोन हजार लिटरसाठी साधारण आठ गुंठ्यांचे तळे लागते, दाट पाणी सावकाश उडते हे लक्षात घेऊन थोडे मोठे. निम्मे पाणी सोडणाऱ्या आरओला हेच तळे जवळजवळ दोन एकरांचे करावे लागेल, जे कोणतीही ग्रामपंचायत करणार नाही, आणि म्हणूनच आज रिजेक्ट नाल्यात जाते. आठ गुंठे मात्र गावठाणाच्या कडेला सापडू शकतात, आणि काळ्या मातीतल्या शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर कसे घालायचे हे या भागात आता ठाऊक आहे.

वऱ्हाडासाठी मेम्ब्रेनचा एकत्रित संशोधन कार्यक्रम आखायचा झाला तर तो नव्या पडद्यापासून सुरू करण्याची गरज नाही. पडदे भावनगरला, जंतू अडवणाऱ्या मेम्ब्रेन पुण्याला, यंत्राची बांधणी जळगावला, पाण्याच्या तपासणीचा अनुभव नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेत, मातीचे ज्ञान अकोल्याला, आणि गावोगावच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहेत. दोन-तीन वर्षे पाच-सहा गावांत यंत्रे चालवून तळ्याखालची माती, जवळच्या विहिरी आणि पडद्यांवरची खपली मोजत राहणे, हे काम करायचे आहे. आणि ग्रामपंचायतीच्या पाणी-यंत्राच्या निविदेत आज दर तासाला किती लिटर पाणी मिळेल हा रकाना असतो, त्याच्या शेजारी दोन रकाने वाढवायला तर संशोधनाचीही वाट पाहायची नाही: उपशापैकी किती टक्के पाणी हाती येईल, आणि रिजेक्ट कोणत्या गट क्रमांकात जाईल.